मदत हवी आहे (ऑगस्ट २०२१, करोनाचे निर्बंध): परंड्यात दुकानं रात्री ८ पर्यंत, बार्शीत ४ ला बंद. तालुक्यापुरती सवलत मागता येते का?

नमस्कार मंडळी. महसूल किंवा आरोग्य खात्यात काम केलेलं कुणी इथं असेल तर प्लीज वाचा आणि सांगा.

आमचं बार्शीत कापडाचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. करोना निर्बंधांची राज्य सरकारची २ ऑगस्ट २०२१ ची ऑर्डर सगळ्यांनी वाचलीच असेल. २२ जिल्ह्यांत दुकानं रात्री ८ पर्यंत, शनिवारी दुपारी ३ पर्यंत, रविवार बंद, आणि ११ जिल्हे आहेत तसे लेव्हल ३ मध्येच (निर्बंधांच्या पाच पायऱ्यांतली तिसरी). त्या ११ मध्ये पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूरबरोबर सोलापूर पण आहे, म्हणजे आम्हाला ४ ला शटर खाली आणि शनिवार-रविवार कुलूप. शेजारचा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्हा, ज्यात परंडा येतं, तो मात्र सवलतीच्या २२ मध्ये.

इकडची माहिती नसणाऱ्यांसाठी सांगतो, बार्शी कागदोपत्री सोलापूर जिल्ह्यात असली तरी तिचा बाजार परंडा, भूम, कळंब या सगळ्या पट्ट्यावर चालतो, कापडाला पण माणसं इकडंच आणि दवाखान्याला पण इकडंच. आणि खेड्यातलं गिऱ्हाईक रानातलं काम उरकून, जेवूनखाऊन निघतं ते दुकानात पोचेपर्यंत तीन-साडेतीन होतात. त्यात १३ तारखेला नागपंचमी. लेकी माहेरी येणार, त्यांना साडी-बांगड्या करायच्या, आमचा वर्षातला मोठा सीझन. परवा परंड्याकडच्या एक मावशी सुनेला घेऊन आल्या होत्या, गादीवर साड्यांचा ढीग उघडलेला, मावशी एकेकीचा पदर उलटून काठ बघतायत आणि आमचा पोरगा शटर अर्धं ओढून दारात उभा. शेवटी त्याच म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या दादा, परंड्यातच घिते, तिथं रातच्यापर्यंत उघडं असतंय." त्यांना काय बोलणार? उठल्या आणि गेल्या.

मी निर्बंधांच्या विरोधात नाही हे आधीच सांगतो. एप्रिल-मेमध्ये ऑक्सिजन बेडसाठी माणसं कशी वणवण फिरली ते इथं डोळ्यांनी बघितलंय, आमच्या गल्लीतली माणसं गेलीत, त्यामुळे "करोना वगैरे काही नाही, सगळं उघडा" असल्या कमेंट कृपया नकोत. माझं म्हणणं एवढंच की माप जिल्ह्याचं का? जूनमध्ये पाच लेव्हल ठरल्या तेव्हा आठवड्याची पॉझिटिव्हिटी (टेस्टपैकी किती टक्के पॉझिटिव्ह) आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत यावर ठरल्या, ते मला पटलं होतं. पण आमच्या जिल्ह्यात ११ तालुके, आता पेशंट जास्त निघतायत ते पंढरपूर, माळशिरस, सांगोला, माढा, करमाळा इकडं, आणि माळशिरस तर पार दुसऱ्या टोकाला. तिथल्या आकड्यावर बार्शीची पेठ बंद, आणि बार्शीचंच गिऱ्हाईक जिल्ह्याची हद्द ओलांडून अर्ध्या-पाऊण तासात परंड्याच्या गर्दीत. यात संसर्ग कुठं थांबला सांगा. उलट ४ च्या आत उरकायचं म्हणून दोन ते चार या वेळात आमच्याकडं उभं राहायला जागा नसते, तेच रात्रीपर्यंत विभागलं असतं.

पुण्यात व्यापाऱ्यांनी ४ नंतरही दुकानं उघडी ठेवायला सुरुवात केलीय, इथंही काहीजण तसंच करू म्हणतायत. मला तो मार्ग नको, एकतर दंड आणि परत गुन्हा दाखल झाला तर दुकानातल्या पोरांच्या मागं पण लचांड. त्यापेक्षा रीतसर मागणी करावी असं मी चार जणांना पटवलंय, आता ती कशी करायची तेच कळत नाही.

तर निवेदन जिल्हाधिकाऱ्यांना आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून द्यायचं का थेट मंत्रालयात पाठवायचं? कारण जिल्ह्याला स्वतःच्या अधिकारात नियम सैल करता येत नाहीत, राज्याची मंजुरी लागते असं एकजण म्हणाला. तालुका वेगळा धरून सवलत दिल्याचं कुठलं उदाहरण माहीत आहे का, असेल तर ती ऑर्डरच जोडता येईल. आणि तालुकावार टेस्ट किती, पॉझिटिव्ह किती हे आठवड्याचं कुठं मिळतं? रोजच्या बातमीत पेशंटचा आकडा येतो पण टेस्टचा येत नाही, आणि त्याशिवाय टक्केवारी काढणार कशी.

सोमवारी निवेदन द्यायचं ठरतंय, म्हणजे रविवारपर्यंत मसुदा पाहिजे. कुणी असं काही आधी दिलं असेल तर नमुना इथं टाका, नाहीतर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.