शस्त्रक्रियेपूर्वीचा दोन आठवड्यांचा आहार आणि त्यातच आलेला गणपती

मोगरा_सातारा

नमस्कार. माझे वय ४६ असून मी माध्यमिक शाळेत शिकवते. मधुमेह, फॅटी लिव्हर आणि गुडघेदुखी यांमुळे डॉक्टरांनी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीचा, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला दिला आणि पुण्यातील तारीखही ठरली. त्याआधी दोन आठवडे रोज ८०० ते ९०० कॅलरींचा आहार पाळायचा आहे. दिवसभर व्हे प्रोटीन (दुधाच्या निवळीतील प्रथिनांची पूड), ताक आणि गाळलेले सूप, तर रात्री एकदाच पोळी-भाताशिवाय भाजी किंवा उसळ, असा तक्ता मिळाला आहे. मी शाकाहारी आहे. आहार परवापासून सुरू झाला.

अडचण अशी की याच काळात घरी पाच दिवसांचा गणपती येतो, मोदक माझ्याच हातचे लागतात आणि सात माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाकही माझ्याकडेच आहे. सासूबाई म्हणतात, ‘चतुर्थ्या-एकादश्या करणाऱ्या बाईला एवढे काय जड?’ त्यांचे म्हणणे चुकीचे वाटत नाही, तरीही हा आहार उपासापेक्षा कितीतरी कठीण जातो आहे. दुपारी चारच्या सुमारास हात थरथरतात आणि घाम फुटतो, भुकेमुळेच असावे. मधुमेहासाठी मी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड घेते.

शस्त्रक्रियेनंतर वजन उतरणारच असेल, तर आधी इतके कडक पथ्य कशासाठी, हे मला कोणी नीट सांगितलेले नाही. ज्यांनी हे पार पाडले आहे, त्यांनी स्वयंपाकघरात राहून ते कसे जमवले, हे कृपया सांगावे.

आहारशास्त्र_नाशिक

मोगराताई, बाकीचे नंतर वाचले तरी चालेल, आधी थरथरण्याविषयी. ग्लिमेपिराइड हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात पिष्ट पदार्थ गेलेले असोत वा नसोत. आहारातून पोळी-भात गेला आणि गोळी मात्र पूर्वीच्याच मात्रेत चालू राहिली, तर साखर उतरते आणि हात थरथरणे, घाम येणे ही त्याचीच लक्षणे असतात. पुन्हा तसे झाले तर ग्लुकोमीटरवर साखर पाहावी. ती ७० च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. मीटर हाताशी नसेल तर तपासणीसाठी न थांबता साखर घ्यावी. अशा वेळी ‘आहार मोडेल’ हा विचार करू नये. मुख्य म्हणजे आजच आपल्या डॉक्टरांना फोन करून गोळीची मात्रा विचारून घ्यावी. या काळात हे औषध बहुधा कमी किंवा बंद करावे लागते, पण तो निर्णय त्यांचा आहे. एकट्या मेटफॉर्मिनने सहसा साखर इतकी खाली जात नाही. हे वाचणाऱ्या इतरांनी हेही लक्षात ठेवावे की मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेत असल्यास ते सर्जनना आवर्जून सांगावे. साखर फारशी वाढलेली नसतानाही त्या गटातील औषधांमुळे उपाशीपोटी रक्तात आम्ल साचू शकते, म्हणून शस्त्रक्रियेच्या काही दिवस आधीच ती थांबवतात.

आता ‘कशासाठी’ याचे उत्तर. हे पथ्य तराजूसाठी नसून यकृतासाठी आहे. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या बाजूवर पसरलेला असतो आणि दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तो उचलून धरल्याशिवाय सर्जनला जठराचा वरचा भाग नीट दिसत नाही. चरबीने भरलेले यकृत मोठे, जड आणि ठिसूळ असते. ते उचलताना रक्तस्राव होऊ शकतो, आणि क्वचित प्रसंगी दुर्बिणीचा मार्ग सोडून पोट उघडावे लागते किंवा शस्त्रक्रियाच थांबवावी लागते. कॅलरी आणि पिष्ट पदार्थ एकदम कमी केले की यकृत आधी आपला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवलेल्या साखरेचा, साठा वापरते आणि त्याबरोबर बरेच पाणीही निघून जाते, कारण एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. मग यकृतातील चरबीही कमी होऊ लागते. आकारातील बहुतेक घट पहिल्या दोन आठवड्यांतच होते, म्हणून मुदतही तेवढीच दिलेली असते. पहिल्या काही दिवसांत काटा झरझर खाली येतो तो मुख्यतः पाण्यामुळे, आणि पुढे तो मंदावला म्हणून काही बिघडले असे समजू नये.

सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. आपला उपास म्हणजे साबुदाणा, वरी, रताळे, बटाटा, शेंगदाण्याचे कूट आणि तूप. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात जवळपास ३५० कॅलरी असतात आणि प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नसतात. यकृताच्या दृष्टीने खिचडीची बशी हा या आहाराच्या नेमका उलटा पदार्थ आहे. त्यामुळे या काळात हरितालिकेचा किंवा अन्य कोणताही उपास ‘उपासाचे पदार्थ’ खाऊन करू नये, आणि निर्जळी तर मुळीच नको. ऋषिपंचमीच्या भाजीला मात्र फोडणी नसते. त्यातील सुरण, मक्याचे कणीस आणि भुईमूग बाजूला ठेवून पालेभाजी, दोडका, पडवळ असा भाग रात्रीच्या वाटीत घ्यायला हरकत नसावी.

रानजाई

माझी हीच शस्त्रक्रिया कोल्हापुरात झाली आणि तेव्हा घरचा स्वयंपाक माझ्याकडेच होता, म्हणून स्वयंपाकघरापुरते सांगते. पहिले तीन-चार दिवस खरोखर वाईट जातात. डोके दुखते, तोंडाला विचित्र वास येतो, चिडचिड होते. नंतर शरीर चरबीवर चालू लागले की भुकेची धार आपोआप बोथट होते. माझी खरी परीक्षा भुकेने घेतलीच नाही. ती घेतली डब्यात उरलेल्या अर्ध्या पोळीने आणि मुलाने टाकलेल्या शिऱ्याच्या घासाने. बायकांचे निम्मे खाणे ताटात होत नाही, ओट्याशी उभ्या उभ्या होते, आणि ते कोणत्याही तक्त्यात मोजले जात नाही. मी उष्टे-उरलेले आवरण्याचे काम सरळ नवऱ्याकडे दिले.

दुसरी गोष्ट, नैवेद्याचा स्वयंपाक आपण चाखत नाहीच. मीठ हाताच्या अंदाजाने पडते आणि बहुतेक वेळा बरोबरच पडते. तोच नेम मी रोजच्या आमटी-भाजीला लावला आणि चव बघायची असेल तेव्हा मुलीला हाक मारू लागले.

व्हेचा गोड वास दोन दिवसांत नकोसा होतो. बिनचवीचे व्हे मिळते; ते पातळ, गार ताकात घुसळून वर जिरेपूड आणि किंचित सैंधव घातले की घशाखाली उतरते. गरम सारात मात्र ते घालू नये, लगेच गुठळ्या होतात आणि वर दह्यासारखे थर येतात. संध्याकाळी फोडणीचा वास सुटण्याच्या आधीच हा पेला पिऊन घ्यावा, म्हणजे पुढचा तास निभावतो. बद्धकोष्ठाविषयी आहारतज्ज्ञांना आधीच विचारून ठेवा. मला इसबगोल सांगितले होते आणि त्यासोबत भरपूर पाणी.

मोदकाचे म्हणाल तर, प्रसाद म्हणून एक खाल्ला तर गणपतीबाप्पा आणि सर्जन दोघेही माफ करतील, असे माझे मत आहे.

लेस्टरवासी

माझ्या पत्नीची वजनासाठीची गॅस्ट्रिक बायपास (हृदयाची नव्हे, जठराची) इंग्लंडमध्ये झाली. इथे या पथ्याला सरळ ‘लिव्हर श्रिंकिंग डाएट’ असेच म्हणतात आणि अनेक रुग्णालयांच्या पत्रकात दुधाचा एक पर्याय असतो. दिवसाला साधारण तीन पिंट, म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास कमी सायीचे दूध, शिवाय पाणी आणि एखादे खारट सूप. शाकाहारी माणसाला यातून सुमारे ६० ग्रॅम प्रथिने मिळतात आणि मोजमापाची कटकट राहत नाही. भारतात डबल टोन्ड दूध याच्या जवळ जाते. ज्यांना दूध पचत नाही त्यांच्यासाठी मात्र हा मार्ग नाही.

रानजाईंच्या मोदकाशी मी सहमत नाही. एका मोदकाने यकृत पुन्हा फुगणार नाही हे खरे, पण गोड आणि तांदूळ पोटात गेल्यावर शमलेली भूक पुन्हा जागी होते आणि पहिल्या दिवसांचा सगळा त्रास नव्याने सोसावा लागतो. आमच्याकडे दिवाळीत तसेच झाले. प्रसादाला खोबऱ्याचा कण पुरतो. आणि मोगराताई, एक सुचवू का? घरात सात माणसे आहेत, तर मोदक या वर्षी दुसऱ्या कोणी वळावेत. पाकळ्या जरा वेड्यावाकड्या आल्या तरी चालतील.

मोगरा_सातारा

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी पुन्हा थरथर झाली तेव्हा मीटरवर साखर ६४ होती. साखरपाणी घेतले आणि लगेच डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ग्लिमेपिराइड बंद करून मेटफॉर्मिन चालू ठेवले आहे आणि रोज चार वेळा साखर लिहून ठेवायला सांगितले आहे. यकृताचे कारण सासूबाईंना वाचून दाखवले. त्यांनी साबुदाण्याचा आग्रह सोडला आहे, मोदकांचा अजून नाही. जाऊबाई उकड काढायला तयार झाल्या आहेत, म्हणजे मला फक्त वळायचे राहील.

एक विचारायचे राहिले. तक्त्यातली रात्रीची उसळ खाल्ली की पोट फुगते. तिच्याऐवजी पनीर चालेल का?

आहारशास्त्र_नाशिक

डॉक्टरांशी बोललात हे उत्तम केलेत. बाहेरच्या साध्या पनीरमध्ये प्रथिनांबरोबर चरबीही भरपूर असते. १०० ग्रॅममध्ये २५० हून अधिक कॅलरी सहज होतात. त्याऐवजी डबल टोन्ड दूध फाडून घरी केलेले, ५०-६० ग्रॅम पनीर परतलेल्या ढोबळी मिरचीबरोबर घ्यावे, किंवा सोललेल्या मुगाचे पातळ कढण हिंग घालून करावे. मूग मटकी-चवळीपेक्षा हलके जातात. बदल करण्यापूर्वी तो आपल्या रुग्णालयाच्या आहारतज्ज्ञांना कळवावा, कारण शेवटचा एक-दोन दिवस बहुतेक ठिकाणी फक्त पातळ पदार्थ देतात आणि तेव्हा पनीरही बंद होते. आदल्या रात्रीपासून काय आणि कधीपर्यंत घ्यायचे, हे भूलतज्ज्ञ सांगतील तेच पाळावे, आणि दाखल होताना साखरेच्या नोंदींची ती वही सोबत ठेवावी.