जुन्या ईव्हीचं घरचं चार्जिंग मंदावलंय, बजेट पाच हजार. सल्ला हवा

ऐरोलीकर:
नमस्कार मंडळी. गाडी 2020 ची, सेकंड हँड घेतलेली, बॅटरी तीस युनिटची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्याच मीटरवरून ओढलेला 16 अँपिअरचा पॉइंट आहे, मीटररूमपासून साधारण चाळीस मीटर. आधी रात्री लावली की सकाळी फुल्ल मिळायची. दिवाळीनंतर मात्र सकाळी जेमतेम सत्तर टक्के. बाहेरच्या डीसी फास्ट चार्जरवर काही त्रास नाही. रोजचं पवईला जाऊन-येऊन आरामात होतं, पण शनिवारी पहाटे आईकडे पुण्याला निघायचं असतं. तेव्हा वाटेत चार्जरपाशी रांग लावायला नको वाटतं. बजेट पाच हजार, वर एक रुपया नाही. वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा खास चार्जर, सुचवू नका, ही विनंती.

पामबीच_रोड:
दादा, विनंती मान्य, पण तरी सांगतो, वॉलबॉक्सच घ्या. मी सीवूड्सला 7.2 किलोवॉटचा बसवलाय. जेवून खाली फेरी मारेपर्यंत काटा कुठल्या कुठे जातो. पैसे एकदाच जातात, डोकेदुखी कायमची जाते.

घोडबंदर_95:
आमच्याकडे उन्हाळ्यात रात्री अकराला सगळ्यांचे एसी सुरू झाले की व्होल्टेज दोनशेच्या खाली. तक्रार करून थकलो. तुमचंही तेच असणार. पहाटे दोननंतर लावून बघा.

वायरमन_काका:
ऐरोलीकर, घाईत पैसे घालवू नका. एसी चार्जिंगला, म्हणजे घरच्या विजेवर, वेग ठरवतो तो गाडीच्या आतला ऑनबोर्ड चार्जर. तुमच्या गाडीत तो 3.3 किलोवॉटचा असेल, तर भिंतीवर 7.2 चा डबा लावून गाडी 3.3 च घेणार. 230 व्होल्टला ते झाले चौदा-सव्वाचौदा अँपिअर, आणि तेवढं साधा पॉवर सॉकेटही देतो. पामबीचवाल्यांची गाडी वेगळी असणार.
आता आधी केबलवरची डबी बघा. काहींना 6, 10, 15 अँपिअर असं बटण असतं. चुकून 6 वर गेलं असेल तर 1.4 किलोवॉटच्या आसपासच मिळणार. बटण ठीक असेल तर गाडी तासभर लावा आणि मग प्लग काढून पिनांना बेतानं हात लावून बघा. काही केबलच्या प्लगमध्ये सेन्सर असतो. पिन तापली की तो करंट उतरवतो.

कळवा_नाका:
बॅटरी गेली. सहा वर्षं झाली ना? विकून मोकळे व्हा.

तलावपाळी:
असं कसं सांगता? बॅटरी म्हातारी झाली तर किलोमीटर कमी पडतील, पण भरायला उलट कमी वेळ लागेल, कारण मावणारच कमी. शिवाय डीसीवर ठीक घेतेय म्हणालेत ते. वाचा तरी नीट. दादा, आमच्या ठाण्याच्या सोसायटीत असंच झालं होतं, सॉकेटच निघाला. काका म्हणतात ते करा.

पामबीच_रोड:
पुण्याला जाताना अटल सेतू घ्या. 2025 च्या ऑगस्टपासून ईव्हीला टोल माफ आहे.

कळवा_नाका:
ऐरोलीहून पुण्याला अटल सेतू? शिवडीला जाऊन परत उलवे? आणि ऐरोलीचा टोल तर 2024 च्या ऑक्टोबरपासून सगळ्याच छोट्या गाड्यांना माफ आहे, ईव्हीचं काय कौतुक.

पामबीच_रोड:
माहिती म्हणून सांगितलं. दक्षिण मुंबईला जाणाऱ्यांच्या कामी येईल.

ऐरोलीकर:
काका, बटण 15 वरच होतं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्यानं करंट मोजायचा टाँग टेस्टर लावला. सुरुवातीला चौदा अँपिअर, तासाभरात सहावर. सॉकेटला व्होल्टेज 226, म्हणजे घोडबंदरवाल्यांचा त्रास आमच्याकडे नाही. मग बोर्ड उघडला. न्यूट्रलच्या भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, आतला स्क्रू बोटानं फिरत होता. वायरच्या टोकाला चार-पाच तारा काळ्या पडून तुटलेल्या, वरचं आवरण पापडासारखं कडक. वायर तांब्याची, अडीच चौरस मिलिमीटरची. इलेक्ट्रिशियन म्हणतो सगळी वायर बदला, बारा हजार.

घोडबंदर_95:
वायर बदलाच. सहाची टाका. मी सहाचीच टाकलीय.

तलावपाळी:
आम्हीपण सहाची टाकली आणि निळा इंडस्ट्रियल सॉकेट बसवला. तो तापतच नाही. सोबत 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी घ्याच, करंट गळला की तो वीज तोडतो. पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी येतं तुमच्याकडे?

वायरमन_काका:
सहाची टाकली तर उत्तमच, अडीचचीला रात्रभर चौदा अँपिअर म्हणजे ताण आहेच. पण चार्जिंग मंदावण्याचा दोष वायरीवर टाकू नका. चाळीस मीटर अडीचची, जाऊन-येऊन ऐंशी, रोध धरा 0.6 ओहम. चौदा अँपिअरला आठेक व्होल्ट पडतात. सहाची टाकून साडेतीन पडतील. एवढ्यानं तीस टक्के कमी भरत नाही. ढिल्या स्क्रूपाशी मात्र अर्धा ओहम जरी उभा राहिला, तर त्या एका ठिकाणी शंभर वॉट उष्णता होते. आग तिथंच लागते. आजपासून तो पॉइंट बंद ठेवा.

पामबीच_रोड:
बारा हजार वायरीला घालण्यापेक्षा थोडे टाकून वॉलबॉक्सच...

ऐरोलीकर:
सगळ्यांचे आभार. ठरवलं ते सांगतो. सॉकेट नवा चांगल्यातला, वायरीचं जळकं टोक हातभर कापून त्याला लग (धातूचं टोपण) मारून घेतलं, एमसीबी बदलला, आरसीसीबी बसवला. मजुरी धरून पाच हजारांच्या आत झालं. वायर बदलत नाही, वॉलबॉक्सही नाही. केबल कायम 10 अँपिअरवर ठेवणार. दहा तासांत तेवीस युनिट, घट धरून वीस बॅटरीत जातात. पवईच्या जाण्यायेण्याला सहा-सात लागतात. पुण्याला जायचं त्या आठवड्यात गुरुवारी रात्रीपासूनच लावतो, शनिवारी फुल्ल मिळते.

घोडबंदर_95:
15 ची सोय असून 10 वर? पटलं नाही.

तलावपाळी:
मलाही वायर बदलावी असंच वाटतं. पण आरसीसीबी घेतलात ते बरं केलंत.

वायरमन_काका:
दहावर अडीचची वायर निवांत राहील. महिन्यानं मेन बंद करून स्क्रू पुन्हा आवळून घ्या, तापून-निवून ढिला पडतो. आणि मीटररूमकडचं टोकही उघडून बघा, ते अजून कुणी बघितलेलं नाही.