घुशींनी परस पोखरलाय, विष न घालता काय करता येईल? (बडोदे)

नमस्कार मंडळी,

आम्ही कारेलीबागेत राहतो. बंगला जुना, विश्वामित्री नदी फार लांब नाही. पावसाळ्यात घुशी येतातच, पण यंदा हद्द झाली. मोरीच्या पाइपाच्या कडेने बीळ, तुळशीवृंदावनाखाली बीळ आणि सकाळी तोंडाशी ओल्या मातीचा ताजा ढीग. रताळ्याचा वेल वरून हिरवागार, पण ओढला की अलगद हातात येतो, खाली रताळी गायब! मागच्या पायरीवर पाय दिला की पोकळ वाजतं. ती खचेल याची धास्ती आहे.

पेस्ट कंट्रोलवाला म्हणतो, गोळ्या टाकू. मला विष नकोय. घूस बिळात मेली की वासाने घरात बसवत नाही. शिवाय कुंपणाच्या भिंतीवर एक घोरपड ऊन खायला येते. शेजारचे काका तिला मगरीचं पिल्लू समजून ओरडले होते. (ती दुभंगलेली जीभ लपलप बाहेर काढत होती. मगरीला जीभ बाहेर काढताच येत नाही. पण २०२४च्या पुरात वस्तीत शिरलेल्या मगरी पाहिल्यावर काकांना काय बोलणार!) विष खाल्लेली घूस तिने किंवा मांजराने खाल्ली तर?

पिंजऱ्यात नुसती चिचुंद्री सापडते. सासूबाई म्हणतात, बिळात फुटक्या काचा भर. उपयोग होतो का?

प्रतिसाद:
नुसत्या काचांनी काही होत नाही, ती शेजारून उकरते. आधी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जे उकरलेलं दिसेल ते राहतं बीळ, पिंजरा तिथे लावा. उंदराच्या पिंजऱ्यात घूस मावत नाही, जाड तारेचा मोठा आणा. आत भजी नाहीतर सुकट ठेवा. बीळ रिकामं झालं की मग काचा, खडी, सिमेंट. मोरीला लोखंडी जाळी, प्लास्टिकची कुरतडतात. चिचुंद्री सोडून द्या, झुरळं खाते बिचारी.

प्रतिसाद:
माती उकरताना गमबूट आणि रबरी मोजे घालाच. घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, तापाचा आजार) होतो, पायाला जखम असेल तर जास्तच धोका. नंतर ताप आला तर डॉक्टरांना घुशींचं आवर्जून सांगा. आणि घोरपडीला कोणी मारायला धावलं तर सांगा, १९७२च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे ती.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. असा मोठा पिंजरा मंगळबाजारात मिळेल का? आणि घूस सापडली तर सोडायची कुठे? यजमान म्हणताहेत नदीकाठी, पण तिथून परत आली तर?