पैसे भरून ऑनलाइन वाचता का? अनुभव सांगा

गावच्या वाचनालयात अनामत आणि महिन्याची वर्गणी भरल्यावरच पुस्तक घरी यायचं, त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. फोनवर मात्र ‘पुढे वाचण्यासाठी सभासद व्हा’ दिसलं की हात आखडतो. माझाही आखडायचा. गेल्या वर्षी दोन वर्गण्या भरल्या. एक आनंदाने चालू ठेवलीय. तुम्ही भरता का? लिहून पैसे घेत असाल तर तेही सांगा.

निफाडहून
मी घेतो. द्राक्षबागायतदारांसाठी दर आठवड्याला फवारणी, पाणी, पानदेठ तपासणी यावर लिहितो. तीन वर्षं फुकट लिहिलं. मग वर्षाला ५०० रुपये ठेवले, तर दीडशेतले अकरा उरले. फार लागलं मनाला. त्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस थांबेना, डाऊनी हा बुरशीचा रोग आला, आणि एका पहाटे फोन वाजू लागला: ५०० जमा, ५०० जमा. एकाने सोबत पानाचा फोटो धाडला, खालच्या बाजूला पांढरी बुरशी. त्याला बागेत उभ्या उभ्याच उत्तर लिहिलं. पैसे घेतो तेव्हापासून अंदाजपंचे लिहीत नाही, आधी चार बागा फिरून येतो. रोगाची सूचना मात्र सगळ्यांना फुकट. ती अडवून धरणं मला पटत नाही.

साताऱ्याहून
एप्रिल २०२० मध्ये घरोघरी पेपर टाकायला बंदी आली, तेव्हा वडिलांना ग्रुपवर पीडीएफ यायची. ती बंद झाल्यावर मी ई-पेपरची वर्गणी भरली. छापील पेपरला जीएसटी नाही आणि इथे १८ टक्के! पावती बघून वडील म्हणाले, “कागद नाही, शाई नाही, मग कर कसला?” मलाही तो अन्यायच वाटतो.

ठाण्याहून
पहिला महिना एक रुपयात, मग वर्षाचे पैसे एकदम कापले. रद्द करायचं बटण सापडेना, नाकी नऊ आले. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२१ पासून असे पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवावं लागतं. तो मेसेज न वाचता पुसू नका.

न्यू जर्सीहून
डिजिटल दिवाळी अंक घ्यायचा होता. इथलं कार्ड चालेना, यूपीआय माझ्याकडे नाही. शेवटी पुण्याच्या मावसबहिणीने भरले. आम्ही पैसे घेऊन उभे आहोत हो, घ्यायची सोय तेवढी करा!