टाचणातली निष्पत्ती आणि बारा चिंचोके
अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं याची विधानं, फक्त टाचणात (शिक्षकाच्या पाठाच्या आराखड्यात) उतरवायला असतात, असं शिक्षक म्हणतात; ते निम्मं खरं आहे. मीही २०१७ मध्ये त्या आल्यावर दोन वर्षं टाचणात निष्पत्तीचा नुसता क्रमांक टाकून मोकळी होत होते! मग चौथीची अपूर्णांकांची निष्पत्ती नीट वाचली: अर्धा, पाव, पाऊण हे भाग चित्रात, कागदाच्या घडीतून आणि वस्तूंच्या समूहातही ओळखता येणे. मी वर्गात वस्तूंचा समूह कधी घेतलाच नव्हता. भाकरीचा पाव भाग सगळ्यांनी बरोब्बर दाखवला. बारा चिंचोक्यांचा पाव भाग मागितला, तर निम्म्या वर्गाने तीनऐवजी चार उचलले. पाव म्हणजे चार! तेव्हापासून निष्पत्ती आली का हे तपासणारा प्रश्न आधी ठरवते, टाचण नंतर. टाचण तपासणाऱ्या साहेबांना क्रमांक दिसला की पुरतं.