पुन्हा: पुन्हा: पुन्हा: निळा संच ठेवू की परत करू? (गुरुवारच्या आत सांगा)

ताई:

नमस्कार मंडळी,

दादांचा लिखाण शिकवायचा निळा संच गुरुवारी परत द्यायचा आहे, नाहीतर वर्षभरासाठी ठेवून घ्यायचा आहे, म्हणून घाईत लिहितेय. गणिताच्या धाग्याचं काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, तेव्हा कृपया लिखाणापुरतंच बोला.

चिरंजीव १२ पूर्ण, म्हणजे सातवी धरा. ऑक्टोपसवर बोलायला लावलं तर अर्धा तास थांबत नाही. लिहायला बसवलं तर तीन ओळी, त्यातली एक म्हणजे स्वतःचं नाव. निळ्या संचात काय करायचं ते बहुतेकांना माहीत आहे: छापील उतारा वाचायचा, प्रत्येक वाक्यातले फक्त तीन शब्द टिपायचे, उतारा झाकायचा आणि त्या शब्दांवरून परिच्छेद पुन्हा लिहायचा. मग यादी घेऊन खुणा करायच्या. एक जोरकस क्रियापद, एक क्रियाविशेषण, एक 'जरी-तरी'चं वाक्य.

अडचण अशी. (तो इंग्रजीत लिहितो, मी इथे मराठीत सांगते.) उताऱ्यात होतं, "ऑक्टोपसला तीन हृदये असतात आणि पोहताना त्यातले मुख्य हृदय थांबते." ह्याने टिपलं: तीन, हृदये, थांबते. आणि लिहिलं काय, "ऑक्टोपसला तीन हृदये असतात आणि पोहताना त्यातले मुख्य हृदय हळुवारपणे थांबते." झालं! यादीतली खूण मिळाली, क्रियाविशेषण आलं. हृदय हळुवारपणे थांबतं का, हे त्याला विचारायचीसुद्धा सोय नाही, कारण यादीप्रमाणे बरोबर आहे.

सहा आठवडे हेच चाललंय. ही नक्कलच ना? की अशीच सुरुवात होते? संच चुकीचा, मी चुकीची, की पोरगा?

ताई

दादा:

संच माझा आहे म्हणून सांगत नाही, पण आमच्याकडे दोन वर्षं वापरलाय. कन्येची पहिले तीन महिने नक्कलच होती. चौथ्या महिन्यात एकाच विषयावरचे दोन उतारे देऊन एक परिच्छेद करायची पाळी आली, तेव्हा नक्कल आपोआप बंद झाली. दोघांची वाक्यं एकत्र चिकटवता येत नाहीत, मग स्वतःचं वाक्य करावंच लागतं. सहा आठवड्यांत निकाल लावू नका.

हृदयाचं म्हणाल तर यादी मुलासाठी असते, आईने डोकं वापरायला यादीची मनाई नाही.

शिक्षकाच्या पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत. खोडू नयेत.

वहिनी:

ताई, मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. ज्या मुलाला लिहायचीच धास्ती आहे त्याला खुणांची यादी देणं म्हणजे पोहायला शिकवताना आधी फॉर्म भरून घेणं.

आमच्याकडे शुक्रवारी दहा मिनिटं घड्याळ लावून मोकळं लिहायचं. पेन थांबवायचं नाही, मी वाचायचं नाही, तिने दाखवलं तरच. पहिल्या शुक्रवारी कन्येने "काय लिहू काय लिहू" एवढंच चौदा वेळा लिहिलं. मी मोजले, कारण तिनेच मोजायला दिले. सातव्या-आठव्या आठवड्यात शेजारच्या मांजरावर दीड पान आलं. त्यात एक वाक्य असं होतं की मी ते अजून विसरले नाही, पण ते इथे लिहायची परवानगी नाही.

खरं सांगायचं तर ह्या पद्धतीने अहवाल लिहिता येत नाही. मागच्या महिन्यात विज्ञानाचा प्रयोग लिहायचा होता तर तिने सुरुवात "त्या दिवशी माझा मूडच नव्हता" अशी केली. तेवढं आम्हाला वेगळं शिकवावं लागलं.

माई:

नक्कल हा शब्द फार सैल वापरला जातोय. आम्ही पाटीवर अक्षर गिरवलं, मग रोज दहा ओळी शुद्धलेखन केलं, म्हणजे पुस्तकातल्या ओळी जशाच्या तशा उतरवल्या. त्या दहा ओळींत चांगलं वाक्य हातात बसतं. पुढे निबंध, मग सारांश, मग कल्पनाविस्तार. क्रम होता. आता कोणालाच क्रम नको, सगळ्यांना एकदम 'स्वतःचा आवाज' हवा.

चिरंजीवांना रविवारच्या वर्गाला पाठव, व्याकरण मी बघते. मुलाला कर्ता-कर्म कळत नाही तोवर परिच्छेद कसला लिहिणार? गेल्या वर्षी मी हेच म्हटलं होतं तेव्हा वर्गाची वेळ बदलायची चर्चा निघाली आणि माझा मुद्दा तिथेच राहिला.

अण्णा:

माईंचा आदर राखून दोन आकडे. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन ह्या दोन संशोधकांनी चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेले लिखाणाचे प्रयोग एकत्र करून आढावा घेतला. सारांश कसा लिहायचा हे शिकवण्याचा परिणाम ०.८२. आखणी आणि सुधारणा कशी करायची हे टप्प्याटप्प्याने शिकवण्याचाही तेवढाच. छोटी वाक्यं जोडून एक करण्याच्या सरावाचा ०.५०. आणि व्याकरण सुटं काढून शिकवण्याचा वजा ०.३२.

म्हणजे ताईंच्या संचातला सारांशाचा भाग ठेवण्यासारखा आहे. वाद घालायचाच तर खुणांच्या यादीवर घाला.

बापू:

अण्णा, ०.८२ काय? टक्के? पाऊण टक्क्यासाठी एवढी मेल?

अण्णा:

टक्के नव्हेत, प्रमाण विचलनाचा हिस्सा आहे. ०.८ च्या पुढे गेला की परिणाम मोठा समजतात. तुमच्या भाषेत सांगायचं तर वर्गात बरोबर मधोमध असलेलं पोर साधारण वरच्या पाव भागात जाऊन बसतं.

बापू:

हे आधी सांगायचं ना.

माई:

म्हणजे माझी तीस वर्षं वजा ०.३२, असंच ना?

१९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि अर्धे अनुस्वार गळाले, तेव्हाही असेच आकडेवाले लोक म्हणत होते की आता मुलांना लिहिणं सोपं होईल. मुलं आजही 'आणि'चा णि दीर्घ काढतात. रविवारच्या वह्या आणून दाखवते.

अण्णा:

माई, वजा आहे ते *सुटं* व्याकरण. नाम ओळखा, सर्वनाम अधोरेखित करा, त्या प्रकारचं. मुलाने स्वतः लिहिलेल्या वाक्यात बसून "हे दोन तुकडे कशाने जोडशील?" असं विचारणं वेगळं, आणि तुमच्या वर्गात तुम्ही नेमकं तेच करता हे मी स्वतः पाहिलंय. माझ्याच मुलाच्या वहीत.

'आणि'बद्दल मात्र तुम्ही म्हणता ते खरं.

सचिव:

विषयावर राहू या, ही विनंती. शुद्धलेखनासाठी वेगळा धागा काढावा. (मागचा अजून उघडा आहे.)

बापू:

विषयावरच बोलतो. मुलाचं लिखाण तपासतं कोण, हे कोणीच विचारत नाहीये. संच निळा घ्या नाहीतर हिरवा, शेवटी लाल पेन आईच्या नाहीतर बापाच्या हातात.

मी वसतिगृहात असताना वडिलांना पत्र लिहायचो. वडील त्या पत्रावर लाल शाईने चुका काढून तेच पत्र परत पाठवायचे, खाली उत्तर दोन ओळींचं. दुसऱ्या वर्षी मी पत्रं छोटी केली. तिसऱ्या वर्षी नुसतं "पैसे मिळाले, प्रकृती बरी" एवढंच. त्यात चूक निघत नव्हती. वडिलांना वाटलं, पोरगा सुधारला.

एका वेळी एकच गोष्ट तपासा. आज फक्त परिच्छेद कुठे तुटतो ते बघायचं, तर स्पेलिंगकडे बघायचंच नाही. हात शिवशिवले तर हातावर बसा.

वहिनी:

बापू, हे वाचून मी शुक्रवारच्या वहीवर मागच्या आठवड्यात पेन्सिलीने केलेली एक खूण जाऊन खोडली. (दादांच्या पुस्तकातली नाही.)

आप्पा:

मी सहसा लिहीत नाही, पण ताईंची अडचण वाचून बेंजामिन फ्रँकलिन आठवला. आत्मचरित्रात त्याने स्वतःच सांगितलंय. भावाच्या छापखान्यात उमेदवारी करत होता, आपल्या चिरंजीवांहून थोडासाच मोठा असेल. 'स्पेक्टेटर' नावाच्या इंग्रजी नियतकालिकाचा एक खंड हाती लागला, लिखाण आवडलं. मग त्याने काय केलं, तर प्रत्येक वाक्यातल्या विचाराची अगदी त्रोटक टिपणं काढली. म्हणजे निळा संचच झाला म्हणा. पण पुढचं महत्त्वाचं. टिपणं *काही दिवस बाजूला ठेवून दिली*. मग पुस्तक न उघडता आपल्या शब्दांत लेख पुन्हा उभा केला, मुळाशी ताडून पाहिला आणि स्वतःच्या चुका स्वतः दुरुस्त केल्या.

पुढे पुढे टिपणं मुद्दाम उलटीसुलटी मिसळून टाकायचा आणि काही आठवड्यांनी त्यांचा क्रम लावायचा. त्यातून मांडणी शिकलो असं तो म्हणतो. मधे शब्दसंग्रह वाढवायला गोष्टी पद्यात करून, विसरल्यावर परत गद्यात आणणं हाही उद्योग केला.

ताई, तुमच्याकडे उतारा झाकणं आणि लिहिणं ह्यांत किती वेळ जातो?

ताई:

आप्पा, अर्धा मिनिट. पेन्सिलीला टोक करायचं असलं तर एक.

दादा:

अहो, पण हे शिक्षकाच्या पुस्तकात सुरुवातीलाच लिहिलंय! रूपरेषा झाली की आधी मुलाने तिच्यावरून *तोंडी* सांगायचं, आणि लिहिणं दुसऱ्या दिवशी. मी त्याखाली दोनदा रेघ मारलीय. ताई, ते पान वाचलंत ना?

ताई:

कुठलं शिक्षकाचं पुस्तक?

दादा:

निळं. जाड. संचातलं.

ताई:

दादा, मला मुलाचं पुस्तक, उताऱ्यांची फाइल आणि खुणांच्या याद्यांचा गठ्ठा मिळाला. जाड असं काही नव्हतं. मला वाटलं, एवढंच असतं.

वहिनी:

संच ताईंच्या आधी माझ्याकडे होता. बघते.

माई:

तोंडी सांगायचं, हे बघा, हेच तर. शार्लट मेसन म्हणून इंग्लंडच्या शिक्षणतज्ज्ञ बाई होऊन गेल्या. सहाव्या वर्षापासून मुलांना एकदाच वाचून दाखवायच्या आणि मग आपल्या शब्दांत सांगायला लावायच्या. दुसऱ्यांदा वाचून दाखवायचं नाही, म्हणजे मूल पहिल्याच वेळी कान देतं. लेखी नंतर, मोठं झाल्यावर. जो पोरगा अर्धा तास बोलतो त्याचं निम्मं काम झालेलंच आहे. ह्याला मी आकडा मागत नाही.

अण्णा:

माई, मीही देत नाही.

बापू:

बोललेलं फोनवर ध्वनिमुद्रित करून मग त्यानेच उतरवून काढलं तर? बोलणं एक काम, अक्षर काढणं दुसरं. दोन्ही एकदम मागितली की पोरं तीन ओळींवर येतात. आमच्या धाकट्याला हाताने लिहायचा कंटाळा होता, टाइप करायला लागल्यावर लांबी तिप्पट झाली. दर्जाचं विचारू नका.

वहिनी:

उतरवून काढायला लावू नका हो, शिक्षा वाटते. आईने उतरवावं आणि त्याच्या हातात द्यावं, "हे तू म्हणालास, आता नीट कर." स्वतःचं बोलणं कागदावर दिसलं की मुलं हबकतात. "मी एवढ्यांदा 'म्हणजे' म्हणतो?"

ताई (बुधवार रात्र):

मंडळी, सोमवारी नवीन उतारा घेतला नाही, मुद्दाम तोच ऑक्टोपसचा. जुनं टिपण गेल्या आठवड्यातलं होतं, म्हणजे फ्रँकलिनचे दिवस आयतेच भरले. खुणांची यादी कपाटात ठेवली. आधी बोल म्हटलं. बोलला. त्यात उताऱ्यात नसलेल्या चार गोष्टी होत्या. रक्त निळं असतं कारण त्यात लोहाऐवजी तांबं, वगैरे. काल लिहायला बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन अक्षरशः हातावर बसले.

सात ओळी. त्यातल्या दोन देते:

"ऑक्टोपस पोहायला लागला की त्याचं मोठं हृदय बंद पडतं. मला वाटतं म्हणूनच तो शक्यतो पोहत नाही, सरपटत जातो, मीपण तसंच केलं असतं."

स्पेलिंगच्या पाच चुका आहेत, बोलले नाही. उतारा काढून ताडून बघायला त्यालाच दिला. "पुस्तकवाल्यांनी सरपटण्याचं लिहिलंच नाहीये," असं जरा हिणवून म्हणाला. 'जरी-तरी' नाही, क्रियाविशेषण एक आहे, ते हळुवारपणे नाही.

तर दादा, संच मी ठेवतेय. दोन उताऱ्यांच्या पाळीपर्यंत तरी. याद्यांचा गठ्ठा हवा असेल तर परत घ्या. शुक्रवारची दहा मिनिटंही चालू करतोय, वहिनी, वही मी वाचणार नाही. माई, रविवारचं त्याला विचारते, मी परस्पर हो म्हणत नाही. फक्त जाड पुस्तक मला हवंय.

संपादक (स्मरणिका):

ऑक्टोपसचा परिच्छेद बालविभागासाठी पाठवावा. शब्दमर्यादा दोनशे. शुद्धलेखन आम्ही तपासून घेऊ.

बापू:

लाल पेनाने?

माई:

बालविभागाचं शुद्धलेखन गेली नऊ वर्षं मी तपासते.

दादा:

ठेवा ताई, हरकत नाही. याद्या परत नकोत, माझ्याकडे अजून दोन गठ्ठे आहेत. पण दोन उताऱ्यांच्या पाळीला 'जरी-तरी' लागेल, तेव्हा म्हणू नका सांगितलं नाही.

वहिनी:

पुस्तक सापडलं. छपाईयंत्राच्या खाली उंचीसाठी ठेवलं होतं, आमच्याकडच्या एका इसमाने. खुणा शाबूत आहेत. शनिवारी आणते.

सचिव:

छपाईयंत्र मंडळाचं आहे. ते कुठे आहे, हे मी ऑगस्टपासून विचारतोय.