घरी केलेली बर्फाची कॉफी पाणचट का होते?

उन्हाळी
नमस्कार. आमच्या घरी वर्षानुवर्षे पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, काढून कॉफी होते आणि गरम कॉफीबद्दल कोणाचीही तक्रार नसते. एप्रिल लागल्यापासून मात्र त्याच डिकॉक्शनमध्ये दूध, साखर आणि बर्फ घालून मी थंड कॉफी करून पाहत आहे, आणि ती दर वेळी पाणचट होते. साखर तळाशी बसते ती वेगळीच. बर्फ कमी केला की कॉफी कोमट राहते. पुडीत ७० टक्के कॉफी आणि ३० टक्के चिकोरी (एका वनस्पतीच्या भाजलेल्या मुळांची भुकटी) आहे. आइसक्रीम घालून मिक्सरमध्ये घुसळलेली कोल्ड कॉफी मला नको आहे, कारण तिच्यात कॉफीची चव शोधावी लागते. चूक नेमकी कुठे होत असावी?

कडूघोट
डिकॉक्शन गरम असतानाच आपण त्यात बर्फ टाकत असाल, असे वाटते. एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ८० कॅलरी उष्णता शोषून घेतो. त्यामुळे ८० अंश सेल्सिअसचे १०० मिलिलिटर डिकॉक्शन शून्याजवळ आणण्यासाठी जवळजवळ १०० ग्रॅम बर्फ खर्ची पडतो, म्हणजे जितके डिकॉक्शन तितकेच पाणी पेल्यात वाढते. तेच डिकॉक्शन आधी फ्रिजमध्ये १० अंशांपर्यंत गार केले, तर त्याच कामाला १२-१३ ग्रॅम बर्फ पुरतो. भांड्याचे झाकण घट्ट असू द्यावे, नाहीतर शेजारच्या चिरलेल्या कांद्याचा वास कॉफीला लागतो (हे मी अनुभवाने सांगतो). फिल्टरमधून पहिल्यांदा उतरलेले दाट डिकॉक्शनच वापरावे. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून काढलेले येथे उपयोगाचे नाही. साखर गरम डिकॉक्शनमध्येच विरघळवावी आणि थोडी जास्त घ्यावी, कारण थंड पेयाची गोडी जिभेला कमी जाणवते. उरलेले डिकॉक्शन मी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवतो, म्हणजे ते खडे वितळले तरी पेल्यात कॉफीच वाढते.

रात्रपाळी
वरील उत्तर पटले, पण उष्णता मुळातच टाळता येते. जाडसर दळलेली ६० ग्रॅम पूड अर्धा लिटर थंड पाण्यात कालवून फ्रिजमध्ये १२ ते १६ तास ठेवावी आणि आधी मलमलीतून, मग कागदी फिल्टरमधून गाळावी. गार पाण्यात आंबट आणि कडू अंश कमी उतरतात, त्यामुळे चव मवाळ येते. पिताना त्यात तितकेच दूध किंवा पाणी घालावे. यासाठी चिकोरीविरहित पूड हवी. चिकोरीची आपली पूड बारीक असल्यामुळे गाळताना चिखल होतो.

कडूघोट
ही पद्धत सोयीची आहे, हे मान्य. मला मात्र तशी कॉफी थोडी सपक लागते. गरम पाण्याने जो दरवळ सुटतो, तो गार पाण्याने तितका सुटत नाही.

आजीचा कप
आपल्याकडे कॉफीत जायफळ घालतात, ते थंड कॉफीतही उत्तम लागते, फक्त ते वरून किसू नये. थंड दुधात त्याचा स्वाद उतरत नाही आणि कण दाताखाली येतात. समान साखर आणि पाणी घेऊन पाक उकळताना चिमूटभर जायफळ घालावे, पाक गाळून बाटलीत ठेवावा आणि साखरेऐवजी तोच वापरावा. तापवलेले दूध घेत असाल, तर गार झाल्यावर तेही गाळून घ्या, अन्यथा सायीचे तुकडे बर्फाला चिकटून तरंगतात.

उन्हाळी
सर्वांचे आभार. काल रात्री डिकॉक्शन साखरेसह फ्रिजमध्ये ठेवले आणि आज दुपारी गाळलेले दूध व बर्फाचे दोनच खडे घालून कॉफी केली. पाणचटपणा पूर्ण गेला, उलट थोडी कडकच झाली, म्हणून उद्या दूध वाढवून पाहीन. आजीचा कप, जायफळाचा पाक फ्रिजमध्ये साधारण किती दिवस टिकतो?

आजीचा कप
आमच्याकडे तो आठवड्याच्या आत संपतो. बाटली आणि चमचा कोरडे असू द्या.